खालच्या माडाची पावडर

फ्रीझर उघडला तेव्हा थंड हवा आली नाही.

आली ती कोंदट, ओली हवा. कोपऱ्यात पडून राहिलेल्या गोणपाटाला येतो तसला वास. आतेने डाव्या हाताने झाकण वर धरलं होतं, आणि उजवा हात आत घालायचं सोडून ती तशीच उभी राहिली. तळाला बोटभर पाणी. पाण्यात जाड काचेचं भांडं. भांड्यात तीन छोट्या बाटल्या आणि त्यांच्याभोवती ओतलेले ओलावा शोषणारे खडे.

ते खडे निळे असायला हवे होते. कोरडे असले की निळे, दमट झाले की गुलाबी. लहानपणी मला गुलाबीच आवडायचे. मुठीत घेऊन घाम लागला की रंग बदलतो का हे बघत बसायची मी, आणि आते पाठीत धपाटा घालायची.

“गुलाबी झाले गो,” ती म्हणाली. तेवढंच.

आता सरळ सांगते. अकरा दिवस या नारळाच्या बीज केंद्राच्या फाटकाला कुलूप होतं. ते सरकारने घातलेलं नव्हतं, आम्ही घातलं होतं. खाडीकडची माडांची जमीन पर्यटकांच्या तंबूंसाठी भाड्याने द्यायचा घाट घातला गेला, म्हणून आमच्या समितीने मालवणच्या बाजारातून सगळ्यात मोठं कुलूप आणलं. त्यावर मी लाल रंगाने ‘जनतेचं’ असं लिहिलं. लेखी माघार मिळेपर्यंत आत माणूस जाणार नाही, असं पत्रक काढलं. तेही मीच लिहिलं. साहेब नाही, शिपाई नाही, मजूर नाही. काल माघारीचं पत्र आलं. पेढे वाटले. आज सकाळी कुलूप निघालं.

मधल्या चौथ्या दिवशी दुपारी मे महिन्याचा गडगडाट झाला होता. वीज गेली, आली, आणि या खोलीतलं बटण पडलं ते पडलंच. ते वर करायला एक बोट लागतं. आत एकही बोट नव्हतं. सगळी बाहेर होती, मुठीत वळलेली.

बाटल्यांत होती खालच्या माडाची पावडर. परागकण हा शब्द मी शाळेत शिकले. फार्मवर सगळे पावडरच म्हणतात. फार्म म्हणजे हेच केंद्र, गाव त्याला दुसऱ्या नावाने ओळखत नाही. आणि खालचा माड म्हणजे आमच्या घराखाली खाडीच्या बांधावर उभा असलेला बाणवली जातीचा माड, एवढा उंच की त्याचा शेंडा बघायला टोपी पडायची. कुठल्याशा जुन्या साहेबाने सगळी वाडी पालथी घालून तो निवडला होता: नारळ भरपूर, खोबरं जाड, रोग नाही. तेव्हापासून फार्मवरचे ठेंगू नारिंगी माड आया, आणि त्यांच्या रोपांना बाप हाच. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तो वादळात मुळासकट आडवा झाला. त्याच्या थोडंच आधी आतेने त्याची पावडर काढून ठेवली होती. ती शेवटची ठरेल हे तिला माहीत नव्हतं. नंतर कळलं तेव्हा तिने त्यातली चिमूटभरही कोणाला दिली नाही. नव्या वाफ्यातल्या नारिंगी आया यंदा पहिल्यांदा फुलणार होत्या, त्यांच्यासाठी म्हणून या तीन बाटल्या.

“त्याची पोरां गावभर उभी आसत गो आते,” मी एकदा तिला समजावायला गेले होते.

“झील आसत,” ती म्हणाली, म्हणजे मुलगे. “तो नाय.”

*

या खोलीचा वास मला माझ्या घरापेक्षा जास्त आठवतो. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हाचा वास. तांदळाची पेज निवायला ठेवली की वर साय धरते, तिच्यासारखा गोडूस, आणि त्याच्या आत कुठेतरी लाकडाच्या भुशाचा. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर माडाची नरफुलं पसरलेली, पिवळट, भाताच्या दाण्याएवढी. आते त्यांच्यावरून हलक्या हाताने लाटणं फिरवायची. फुलं तडतडायची. मग वर बल्ब लावून ती सुकवायची, मग मलमलच्या फडक्यातून गाळायची, आणि फडक्याखाली जे उरायचं ते इतकं बारीक की त्याच्याजवळ कोणी श्वास सोडायचा नाही.

खोलीचे नियम तोंडपाठ होते मला. पंखा बंद. ओले केस घेऊन आत यायचं नाही. शिंक आली तर नाक दाबून बाहेर पळायचं. आणि फ्रीझरमध्ये पावडरीशिवाय काहीही ठेवायचं नाही. एकदा एका साहेबांनी घरी न्यायची सुरमई त्यात ठेवली. आतेने ती काढली आणि कार्यालयात जाऊन त्यांच्या टेबलावर, फायलींवर ठेवली. साहेब चिडले. म्हणाले, मी कोण आहे माहीत आहे का? आते म्हणाली, “तुमी सायब आसात, पण ह्यो मासो आसा.” त्यानंतर कित्येक वर्षं बाजारात कोणी सुरमईचा भाव विचारला की मागून एखादा म्हणायचा, फायलीसकट की सुटी?

आते म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. ती या खोलीत रोजंदारीवर, बाबा बाहेर माडांवर. बाबा पाडेली होते, म्हणजे माडावर चढणारे. खालच्या माडावर ते दोर बांधून चढत आणि दिसेनासे होत. मग वरून नुसता कात्रीचा कटकट आवाज यायचा. ठेंगू माडांना मात्र शिडी पुरायची, आणि तिथलं काम मला जवळून बघायला मिळायचं. पोय उमलली, म्हणजे फुलांचा तुरा आवरणातून बाहेर आला, की बाबा त्यातली सगळी नरफुलं कापून काढत. एकसुद्धा ठेवायचं नाही. राहिलं तर आई स्वतःच्याच फुलाने फळते आणि वर्षभराची मेहनत फुकट. फुलं माझ्या अंगावर पडायची, केसांत अडकायची. खाली तुऱ्याच्या बुडाशी सुपारीएवढी मादी फुलं तेवढी राहायची, उघडी, जरा लाजल्यासारखी. मग बाबा त्या सगळ्यावर कापडी पिशवी चढवून गळ्याशी सुतळी आवळत.

पिशव्या आते घरी मशीनवर शिवायची. उरलेल्या कापडाचे माझे परकर. सगळ्या बागेतले माड पांढरी पिशवी घालून उभे असायचे आणि मीही त्याच कापडात.

मग वाट बघणं. मादी फूल तयार झालं की त्याच्या टोकाला तीन पाकळ्यांसारखी फट पडते आणि आत मधाचा थेंब चमकतो. साहेब भिंग घेऊन यायचे. आतेला भिंग लागत नसे. पिशवीच्या गाठीपाशी मुंग्या फिरायला लागल्या की ती म्हणायची, “चल, बोलावणा इला.” मग रबरी फुगा लावलेली बाटली, तिच्यात टाल्कममध्ये मिसळलेली खालच्या माडाची पावडर, आणि पिशवीच्या छोट्या खिडकीतून एक फुस्स. दुसऱ्या दिवशी परत फुस्स. लग्नच ते. फक्त नवरा खाडीच्या बांधावर उभा असायचा आणि त्याला काही माहीत नसायचं.

*

आज मी त्या खोलीत आंदोलनाचा बिल्ला लावून उभी होते. बिल्ला काढावा हेसुद्धा सुचलं नाही. आतेने बाटल्या काढल्या, पदराला पुसल्या, खिडकीपाशी उजेडात धरल्या. पावडर बाटलीच्या एका बाजूला चिकटून बसली होती. पूर्वी बाटली कलती केली की ती वाळूसारखी सरकायची.

“होळयेक बघलेलंय मिया,” ती म्हणाली. “शेपट्यो काढी होती. एकदम झकास.”

शेपट्या म्हणजे काय ते सांगते. पावडर जिवंत आहे की मेली हे डोळ्यांना कळत नाही. साखरेच्या पाण्याच्या थेंबात ती सोडायची, तास-दोन तास ठेवायची, आणि सूक्ष्मदर्शकातून बघायची. जिवंत कणाला शेपूट फुटतं. तीच पुढे फुलाच्या आत शिरणारी नळी. पहिल्यांदा आतेने मला उचलून त्या नळकांड्याला डोळा लावायला दिला तेव्हा मी किंचाळले होते. मला वाटलं होतं पाण्यात किडे पडले. आते हसून हसून खाली बसली होती. “साकर गावली की कोण गप ऱ्हवता गो?”

तिने आज तसाच थेंब केला. तीन काचा, तीन थेंब.

“दोन तास,” ती म्हणाली.

आम्ही पडवीत बसलो. समोर बाग. अकरा दिवसांत कोणी पाऊल टाकलं नव्हतं तर वाळका पाचोळा केवढा साचला होता. पाण्याविना रोपं करपली होती. नव्या वाफ्यातल्या दोन आयांच्या पोया उमलून, स्वतःच्याच फुलाने भरून, मोकळ्या झाल्या होत्या. त्यांचं काही एवढं नाही. माड महिन्याकाठी नवी पोय काढतो, आया थांबतात. बाप थांबत नाही.

आणि पाचवा दिवस माझ्या समोर येऊन उभा राहिला.

पाचव्या दिवशी सकाळी आते फाटकाशी आली होती. छत्री, डबा, नेहमीची कामाची साडी. आम्ही मांडव घातला होता, चहा चालू होता, कोणीतरी मोबाइलवर चित्रण करत होतं. प्रकाशदादा, आमच्या समितीचा पुढारी, नुकताच भाषण करून बसला होता.

“माका आत सोड गो बाय,” आते मला म्हणाली.

“आते, आज नाय.”

“पाच मिन्टां. फ्रीझ बघतंय आणि येतंय. काल गडगडला ता.”

“एकाक सोडला तर उद्या सायब पण म्हणतलो, माका सोडा.”

“मिया सायब आसंय?”

सगळे हसले. मीही हसले. हे मी इथे लिहिते आहे, कारण ते खरं आहे.

“अगो बटण पडला असात,” ती म्हणाली.

मी फाटकाआतल्या खांबाकडे बोट केलं. त्यावरचा दिवा भर उन्हात जळत होता. तो बंद करायला आत माणूस नव्हता ना. “ता बघ. लाइट आसा. कित्याक घाबरतंस?”

“भायरचो दिवो येगळो, आतलो फ्रीझ येगळो.”

“आते,” मी म्हटलं, आणि मग मी मालवणी सोडून दिली. ऑफिसात बोलतात तशी बोलले तिच्याशी. “नियम सगळ्यांना सारखा आहे. घरची म्हणून तुला सोडलं तर उद्या लोक आम्हाला काय म्हणतील?”

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं शिवी घालेल. तिने छत्री मिटली, समोर रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसली, आणि दुपारपर्यंत तिथेच बसून होती. डबा मांडीवर. उघडला नाही. मग उठून गेली. आम्ही त्या वेळी टाळ्या वाजवत होतो, कारण कुडाळहून पाठिंबा द्यायला एक गाडी आली होती. दुसऱ्या दिवशी आते आली नाही. मला बरं वाटलं. हेही खरं आहे.

*

खालचा माड पडला त्या सकाळी मी इथे होते. आवाज झाला नव्हता. निदान आम्हाला ऐकू आला नाही. वाऱ्यात सगळेच आवाज एक झाले होते. उजाडल्यावर बांधावर आकाश जास्त दिसलं. मग तो दिसला, खाडीत डोकं घालून पडलेला, चुडतं, म्हणजे झावळ्या, पाण्यावर पसरलेली, आणि मुळांची मोठी गड्डी वर आलेली, तिच्यात शिंपले. बाबांना गुडघ्यांमुळे चढणं सुटून वर्षं झाली होती, पण ते जाऊन आडव्या खोडावर पाय ठेवून शेंड्यापर्यंत चालत गेले. एवढा माड आयुष्यात एकदाच चालत गेलो, म्हणाले. आते मात्र त्याच्याजवळ गेली नाही. ती घाईघाईने चप्पल घालून फार्मवर गेली. तेव्हा मला वाटलं, काय बाई, कामाची पडली आहे हिला. आज कळतं, ती फ्रीझर बघायला गेली होती.

त्या खोडाचा ओढ्यावर साकव केला शेजाऱ्यांनी. चुडतांचे झाप झाले. नारळ वाटले गेले. एवढ्या मोठ्या झाडाचं काहीच वाया गेलं नाही, आणि जे खरं राहायचं होतं ते तीन बाटल्यांत राहिलं, माझ्या आतेच्या ताब्यात, रोजंदारीच्या हातात. मी याच फार्मवर किती पत्रकं लिहिली. जमीन, जमिनीचा सातबारा, माडांची संख्या, तंबूंचा आराखडा. या खोलीबद्दल एक ओळ लिहिली नाही. लहानपण गेलं माझं इथे, आणि मला ती वाचवायच्या यादीत दिसली नाही.

दोन तास झाले. आते डोळा लावून बसली. काच सरकवली. दुसरी लावली. तिसरी. मग परत पहिली.

“तू बघ,” ती म्हणाली. “माजो डोळो आता तितको चांगलो नाय.”

तिचा डोळा उत्तम आहे. मुंगी दिसते तिला शिडीखालून.

मी बघितलं. पिवळसर गोल कण. काही चेपलेले, काही अगदी गुबगुबीत. सुंदर दिसत होते. शेपूट कुठेच नव्हतं. मी काच हलवली, कोपरे बघितले, थेंबाच्या कडेशी बघितलं. एखादं, एकच एखादं. दुसरी काच. तिसरी. मला वाटत होतं कोणीतरी आत्ता वळवळेल आणि मी किंचाळेन.

“आजून तासभर ठेवया,” मी म्हटलं.

“ठेव.”

ठेवलं. काही झालं नाही.

फोन वाजला. प्रकाशदादा. माझ्या फोनचा आवाज कानाला लावून ऐकू येत नाही, बिघडला आहे. म्हणून मी तो नेहमी स्पीकर लावून टेबलावर ठेवते आणि बोलते. तसाच ठेवला.

“काय म्हणते बाग?” तो खुशीत होता.

मी सांगितलं. फ्रीझर, बटण, पावडर.

तो म्हणाला, “अगं, पण हा तर एक नंबर मुद्दा आहे! बीज केंद्राला साधा जनरेटर नाही. प्रशासनाच्या हलगर्जीपणामुळे अमूल्य ठेवा नष्ट. लिही, आजच काढू.”

“कुलूप आपलं होतं दादा.”

“कुलूप आंदोलनाचं होतं. जनरेटर नसणं कोणाचं? वाकडं लिहू नकोस, जे आहे तेच लिही. जनरेटर आहे का तिथे? नाही ना? मग?”

नाही. जनरेटर नाही. मंजूर झालेला कधी आलाच नाही. माझ्या डोक्यात ओळी तयार व्हायला लागल्यासुद्धा. ठळक अक्षरात मथळा, खाली तीन सवाल, शेवटी मागणी. हात शिवशिवले. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही, पण ओळी थांबल्या नाहीत.

“आणि हे बघ,” तो म्हणाला, “खाली तुझ्या आतेची सही घे. कर्मचाऱ्याची सही असली की वजन येतं. आहेत ना त्या तिथे?”

मी आतेकडे बघितलं. तिने सगळं ऐकलं होतं. ती उठली. तिने तिन्ही बाटल्या स्टुलावर ओळीने ठेवल्या, पदर कमरेला खोचला, आणि दाराकडे तोंड करून, बागेकडे बघत, हात जोडले.

आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. काही सुरू करायचं असलं, काही चुकलं असलं, की जागेच्या राखणदाराला मोठ्याने सगळं सांगायचं. एक जण बोलतो आणि जमलेले प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. म्हटलं की झाली साक्ष. ती मागे घेता येत नाही. गाऱ्हाणं पुरुष घालतात. बाईच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं.

“बा राखणदारा म्हाराजा,” आते म्हणाली, “ह्या जाग्यार तू आमचा बघतंस. खालच्या माडान वर्सानवर्सां हय पावडर दिल्यान.”

ती थांबली. खोलीत मी एकटीच होते.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं.

“तो वादळात पडलो, ती तुजी मर्जी. त्येची पावडर मिया ह्या हातान सांबाळलंय.”

“व्हय म्हाराजा.”

“जागो वाचवूक ह्या पोरांनी फाटकाक कुलूप घातल्यानी. जागो वाचलो. त्येंचा बरा कर.”

“व्हय म्हाराजा.” टेबलावरून प्रकाशदादा विचारत होता, “हॅलो? कोण बोलतंय? काय चाललंय?”

“गडगडला, आणि मिया फाटकार इलंय. पाच मिन्टां सोड, म्हटलंय. माज्या भावाच्या चेडवान माका सोडूक नाय. म्हणान पावडर मेली.”

बाहेर माडांची चुडतं वाजत होती. आतेने मागे वळून बघितलं नाही. हात जोडलेलेच होते. ती घाई करत नव्हती; गाऱ्हाण्यात उत्तर येईपर्यंत थांबतात.

“हॅलो?” प्रकाशदादा म्हणाला.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. फोन चालूच होता.